एकाच इंजिनाच्या टर्बोप्रॉपमध्ये तुम्ही बसाल का?

शिरोली_व्हीएमसी:
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब काढतो, विमानातलं काही कळत नाही. परवा आमच्या ग्राहक कंपनीचे साहेब उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, पिलाटस पीसी-१२ या छोट्या विमानातून उतरले. पुढं एकच पंखा, आत मात्र ऐसपैस जागा. एवढी ऐपत असलेला माणूस एका इंजिनाच्या भरवशावर सह्याद्री कसा ओलांडतो? आणि याला टर्बोप्रॉप म्हणतात, म्हणजे आतलं इंजिन जेटसारखं, मग पंखा कशाला?

हँगरकाका:
भाऊ, माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत झाली, आता राजारामपुरीत निवृत्त आहे. आधी इंजिन बघू. हे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६. हवा मागच्या बाजूनं आत शिरते, पुढं येत दाबली जाते, इंधन जळतं आणि धूर पुढच्याच बाजूला बाहेर पडतो. नाकाच्या दोन्ही अंगांना ते वाकडे पाईप दिसले असतील, ते त्याचेच. आत दोन वेगवेगळी टर्बाइन, म्हणजे गरम वायूनं फिरणारी पात्यांची चाकं, असतात. एक फक्त हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवतं, मिनिटाला ३७ हजारांच्या आसपास फेरे. दुसऱ्याचा त्याच्याशी शाफ्टनं काहीही संबंध नाही. ते गरम वायूच्या झोतावर फिरतं आणि वेग कमी करणाऱ्या प्लॅनेटरी गिअरबॉक्समधून पंख्याला मिनिटाला १७०० फेऱ्यांवर आणतं. वर-खाली होणारा पिस्टन नाही, त्यामुळं थरथर आणि झीज दोन्ही कमी. पंखा यासाठी, की छोट्या धावपट्टीवर आणि या वेगाला तो जेटपेक्षा कमी इंधनात जास्त ओढ देतो.

आता भरवशाचं. इंजिन बंद पडणारच नाही असं धरून हे विमान बनवलेलंच नाही. तेलाचा दाब गेला की पंख्याची पाती आपोआप वाऱ्याच्या दिशेनं कडेवर होतात, हवेला अडवत नाहीत. मग ३० हजार फुटांवरून वारा नसेल तर सव्वाशे किलोमीटर सहज तरंगत जाता येतं. साताऱ्याच्या वर असाल तर पुणं आवाक्यात, कराडची धावपट्टी तर त्याहून जवळ. उतरतानाचा वेगही कमी ठेवलाय, कारण धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलत नाहीत तो स्टॉलचा वेग. एका इंजिनाच्या विमानाला त्याची जुनी मर्यादा ६१ नॉट, म्हणजे ताशी ११३ किलोमीटरच्या आसपास होती. पीसी-१२ चा थोडा जास्त, ६७ च्या आसपास, म्हणून खुर्च्या जादा धक्का सोसणाऱ्या द्याव्या लागल्या. मला हा हिशेब फार आवडतो.

गगनबावडा_बाईकर:
पण काका, पावसाळ्यात घाटावर ढग खाली आलेले असतात. रात्री इंजिन गेलं तर तरंगून काय उपयोग?

हँगरकाका:
बरोबर विचारलंत. तिथं मी गोड बोलणार नाही. ढगातून खाली आल्यावर समोर घाट असेल तर सव्वाशे किलोमीटरचा काही उपयोग नाही. म्हणून चांगला वैमानिक उंची लवकर गाठतो आणि धावपट्ट्या जवळ राहतील असा मार्ग आखतो. मात्र दोन इंजिनं म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही खरं नाही. उड्डाण करताना एक गेलं की दुसरं विमानाला एका बाजूला ओढतं, आणि तिथं हात चुकले की संपलं.

शिरोली_व्हीएमसी:
म्हणजे आमच्या मालकांना कधी विमान लागलंच तर दोन इंजिनवालंच घ्या असं सांगायची गरज नाही. एक राहिलं, मागं एवढा मोठा दरवाजा कशाला?

हँगरकाका:
१.३५ बाय १.३२ मीटरचा मालाचा दरवाजा आहे तो. खुर्च्या काढल्या की स्ट्रेचर आत. ऑस्ट्रेलियात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस हेच विमान दूरच्या वस्त्यांवर कच्च्या पट्ट्यांवर उतरवते. पूर्ण वजन ४७४० किलो, तरी ८०० मीटरच्या आत ५० फूट उंची गाठतं. हे आकडे समुद्रसपाटीचे. आपली उजळाईवाडी २००० फुटांवर आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवा आणखी विरळ होते, तेव्हा जास्त पट्टी लागते. मालकांनी चार्टर, म्हणजे भाड्याचं विमान ठरवलं तर वैमानिकाला एवढं जरूर विचारा, त्या दिवशीच्या तापमानाला आणि वजनाला उड्डाणाचं अंतर किती काढलंय.