मदत हवी आहे: पार्टिशन केलेल्या मूळ टेबलाचं अ‍ॅनालाइझ

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेसच्या आवृत्ती १६ वर आमचं व्यवहारांचं मोठं टेबल आहे, महिन्यानुसार ३६ पार्टिशन (तुकडे). ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) प्रत्येक पार्टिशनचं अ‍ॅनालाइझ (म्हणजे डेटाची आकडेवारी गोळा करणं) इमानेइतबारे करतं, मूळ टेबलाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. माहितीपत्रक वाचल्यावर कळलं की हा बिघाड नाही, रीतच आहे: मूळ टेबलात स्वतःच्या ओळी नसतात, म्हणून ते वगळलं जातं. (आवृत्ती १४ च्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) मूळ टेबलाचीही सोय आली होती, ती अंतिम आवृत्तीआधी काढून टाकली. नशीब आमचं!)

परिणाम असा की मूळ टेबलाची आकडेवारी सहा महिने शिळी. जॉइन (टेबलं जोडणारी क्वेरी) आला की प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) ओळींचा अंदाज भलताच चुकतो, तो नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसरं टेबल पुन्हा तपासणं) धरतो आणि महिनाअखेरचा रिपोर्ट रडत बसतो.

हाताने अ‍ॅनालाइझ दिलं की सगळं सुरळीत. पण ते ३६ पार्टिशनही पुन्हा पालथी घालतं, पाऊण तास जातो. आवृत्ती १८ मध्ये फक्त मूळ टेबलापुरतं अ‍ॅनालाइझ करता येतं, पण अपग्रेडला इतक्यात परवानगी मिळणार नाही.

तुम्ही क्रॉनने (ठरावीक वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या साधनाने) हे किती दिवसांनी चालवता? फक्त जॉइन आणि फिल्टरचे कॉलम देऊन भागतं का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, ३१ तारीख जवळ येतेय.