‘फिगुरिनो’ : वेशचित्र की वेशभूषेचा आराखडा?

ऑपेरातील पात्रांच्या पोशाखांसाठी आधी जे चित्र काढले जाते, त्याला इटालियन भाषेत ‘फिगुरिनो’ म्हणतात आणि अशी अनेक चित्रे असली की ‘फिगुरिनी’. ‘फिगुरा’ म्हणजे आकृती आणि तिचेच हे लघुत्वदर्शक रूप. मराठीत त्यासाठी ‘वेशभूषेचा आराखडा’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो मला पटत नाही. आराखडा म्हटले की रेषा आणि मोजमापे डोळ्यांसमोर येतात. फिगुरिनोमध्ये मात्र त्या पोशाखातले पात्रच उभे असते, त्याचा हात कुठे आहे आणि अंगरख्याची चूण कशी पडते हे दिसते, आणि कधी कधी कडेला शिंप्यासाठी कापडाविषयी पेन्सिलीने लिहिलेली टीपही असते.

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘आईदा’ या प्राचीन इजिप्तमध्ये घडणाऱ्या ऑपेराचे उदाहरण पाहावे. कैरोत २४ डिसेंबर १८७१ रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगासाठी ओग्युस्त मारिएत या इजिप्तविद्यातज्ज्ञाने पोशाखांची चित्रे जलरंगात काढली आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले; पॅरिसला शत्रुसैन्याचा वेढा पडल्याने ते तिथेच अडकले व प्रयोग लांबला. ग्रॅनाइटमध्ये कोरलेला राजा भल्यामोठ्या मुकुटातही शोभतो, पण तोच हाडामांसाचा होऊन चालू-गाऊ लागला की हसू येण्याची भीती असते, अशी चिंता मारिएतने पत्रात व्यक्त केली होती. पोशाख जिवंत देहावर कसा दिसेल, ही चिंता वाहणाऱ्या कागदाला ‘चित्र’च म्हणायला हवे.

म्हणून मी ‘वेशचित्र’ हा शब्द सुचवतो. ‘नेपथ्यचित्र’ मात्र इथे चालणार नाही. नाट्यशास्त्रातील ‘नेपथ्य’ या संज्ञेत वस्त्रे, अलंकार आणि अंगरचना (म्हणजे रंगभूषा) येतात हे खरे, तरी आजच्या मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची दृश्यरचना. इटालियनमध्ये तिच्या चित्राला ‘बोझेत्तो’ असा वेगळा शब्द आहे. ‘नेपथ्यचित्र’ त्यासाठी राखून ठेवावे. दोन्हींना नुसते ‘रेखाटन’ म्हटले, तर इटालियनांनी जपलेला हा भेद आपल्याकडे पुसला जाईल.

वापर असा करता येईल : ‘मारिएतची वेशचित्रे पाहून शिंप्यांनी कापड बेतले.’ ‘आराखडा’ हा शब्दही टाकून द्यायला नको. बेतण्यापूर्वी कागदावर मापांनिशी जो आकार काढतात, त्याला तो नेमका बसतो.