2038 ला बँका बंद? आईची एफडी मोडू का?

सिडनीहून:
नमस्कार मंडळी. आई दापोलीला असते. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरतंय की 2038 साली सगळे कॉम्प्युटर 1901 मध्ये जाणार आणि ठेवी पुसल्या जाणार. आता एफडी मोडून सोनं घेते म्हणतेय. हर्णैचे काका, तुम्ही वायटूकेचं, म्हणजे 2000 साल लागताना कॉम्प्युटर गोंधळतील त्या भानगडीचं, काम केलंय. यात तथ्य किती?

हर्णैहून:
अरे, आधी आईंना थांबव. मुदतीआधी मोडली तर व्याज आजच कापतील, 2038 ची वाट बघणार नाहीत.

तथ्य आहे, पण चिमूटभर. जुन्या सिस्टिम 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात आणि तो आकडा 32 बिटांच्या, म्हणजे 0-1 च्या 32 घरांच्या, खणात ठेवतात. त्यात 2147483647 च्या पुढे मावत नाही. तो आकडा भरतो 19 जानेवारी 2038 ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी 8:44:07 ला. पुढच्या सेकंदाला उणे, म्हणजे थेट डिसेंबर 1901. इथवर ग्रुप बरोबर. पण तोवर बँक झोपलेली असणार, हे कुणी सांगितलं? 2018 मध्ये कुणी 20 वर्षांचं गृहकर्ज घेतलं, त्याचा शेवटचा हप्ता 2038 चाच. ते गणित तेव्हाच करावं लागलं. नव्या मशिनांत खण 64 बिटांचा असतो, आणि जुन्या 32 बिटवाल्यांसाठी लिनक्सने (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) 2020 मध्ये सोय केली.

1999 साली आम्ही मुंबईत बसून कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली दोन आकडी वर्षं शोधत होतो; 99 नंतरचं 00 मशीनला 1900 वाटलं असतं. 31 डिसेंबरला मी रात्रपाळीला, इकडे गावी आईने कंदिलात रॉकेल भरून ठेवलेलं. दिवे गेले नाहीत. (त्या रात्री. एरवी जातातच.) दुरुस्तीचं काम खरं होतं, ते थोतांड होतं असं मी म्हणणार नाही. पण विमानं पडतील वगैरे भीती फुगवलेली होती. इटलीसारख्या, फारशी तयारी न केलेल्या देशांतही अंधार पडला नाही. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या, म्हणजे वेळ सांगणाऱ्यांच्याच, वेबसाइटवर मात्र साल 19100 झळकलं!

आमच्या बंदरातला किस्सा ऐक. जीपीएस 1024 आठवडे मोजून पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल 2019 मध्ये तो आला, आणि एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, जुन्या जीपीएस यंत्रावर ऑगस्ट 1999 दिसू लागला. मी म्हटलं, बदलून घे. तो म्हणाला, "तारीख घरच्या कालनिर्णयात असते. ह्यात मी खडप, पाण्यातला खडक, बघतो." खडप जागच्या जागी होतं. होडी गेली, मासळी घेऊन आली.

लंडनहून:
काका, पण लिफ्ट, पंप, कारखान्यातली जुनी यंत्रं? ती कोण अपडेट करतंय?

हर्णैहून:
हे मात्र खरं. कपाटात बसवून विसरलेली खोकी त्रास देतील, आणि ती शोधायला माणूस लागेल. मी तेव्हा नसेन बहुधा, तुम्ही पोरांनी बघा.

सिडनीहून:
आईला सगळं वाचून दाखवलं. एफडी मोडत नाही म्हणाली. सोनं मात्र घेणार आहे, निमित्त शोधतेय.