सेसना लँडिंगला तीनदा आपटलं आणि पुढचं चाक मोडलं, नक्की कशामुळे?

घोडबंदर_मावशी
भाचा सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ट्रेनिंग घेतोय, क्लबचं नाव लिहीत नाही. तिथे गेल्या आठवड्यात एका मुलाचं सेसना १७२ हे छोटं विमान सोलो (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने) लँडिंगला टेकलं, उसळलं, परत टेकलं, परत उसळलं आणि तिसऱ्यांदा पुढचं चाकच मोडलं, पंख्याची पाती वाकली. पोरगा सुखरूप आहे, साधं खरचटलंही नाही. पण आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणी म्हणतं विमान जुनं, कोणी म्हणतं वारा, आणि बहीण तिकडे वाशीला देव पाण्यात घालून बसलीय. पहिल्यांदा आपटलं तेव्हा काही झालं नाही मग तिसऱ्यांदा कसं तुटलं?

कळवा_नाका
जुनंच असणार, सगळीकडे भंगार वापरतात.

खारघर_पायलट
भंगार वगैरे काही नाही हो, नीट ठेवलेली जुनी सेसना मस्त उडते. मावशी, याला पॉरपॉइजिंग म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा स्पीडपासून होते. १७२ फायनलला, म्हणजे पट्टीसमोर सरळ उतरताना, साधारण ६० ते ७० नॉट्सवर आणतात, नवीन मुलं स्टॉलच्या (पंखांची उचल जाऊन विमान पडण्याच्या) भीतीने थोडा जास्तच ठेवतात, मग पट्टीवर आल्यावरही पंख उचलतच असतात, विमान बसायला तयार नाही, तरंगतंय, पट्टी संपत चाललेली दिसते आणि पोरगं घाईने नाक खाली दाबतं. पुढचं चाक आधी टेकलं की नाक वर उडतं, पंखांचा कोन वाढतो, विमान परत हवेत. घाबरून परत दाबायचं, पण आपण दाबेपर्यंत ते स्वतःहूनच खाली यायला लागलेलं असतं, म्हणून प्रत्येक आपट आधीपेक्षा जोरात.

ऐरोली_एएमई_रिटायर्ड
बरोबर. लोखंडाचं मी सांगतो. १७२ च्या मागच्या चाकांचे पाय स्प्रिंग स्टीलचे, वाकतात आणि सरळ होतात, मार खायलाच बनवलेत. पुढच्या चाकाचा स्ट्रट इंजिनमागच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) बसवलेला असतो, लँडिंगचा पहिला दणका त्याने झेलायचाच नसतो. त्यामुळे चाक बदललं की झालं असं नाही, फायरवॉलचा पत्रा सुरकुतलाय का ते बघावं लागतं. आणि चालू इंजिनाचा पंखा जमिनीला लागला तर इंजिन उघडावंच लागतं, बाहेरून कितीही ठणठणीत दिसो, आत क्रँकशाफ्टला झटका बसलेला असतो.
वाऱ्यालाही अगदी मोकळं सोडू नका. दुपारी पट्टी तापली की गरम हवा वर उसळते आणि नवख्याला वाटतं विमान ऐकतच नाही. पण स्पीड १० टक्के जास्त म्हणजे जिरवायची ऊर्जा २१ टक्के जास्त, हे गणित वाऱ्याने बदलत नाही.

घोडबंदर_मावशी
मग उसळल्यावर थांबवता येत नाही का? भाचा म्हणतो गो-अराउंड शिकवतात, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं.

खारघर_पायलट
येतं ना. उसळी छोटी असेल तर नाक आहे तिथे धरायचं, किंचित पॉवर, बसू द्यायचं. मोठी असेल तर फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड, फक्त फ्लॅप (पंखांमागच्या खाली वाकणाऱ्या पट्ट्या) एकदम सगळे वर घ्यायचे नाहीत, आधी २० डिग्रीवर, नाहीतर लिफ्ट जाते आणि विमान खाली बसतं.
पण खरं सांगू का, सोलोला पोरांना गो-अराउंड म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं, खाली सगळे बघत असतात, नंतर कँटीनमध्ये टोमणे. माझ्या मते तिथे क्लबचं वातावरण पण तेवढंच जबाबदार, नुसतं पायलटची चूक लिहून फाईल बंद करणं सोपं आहे.

कळवा_नाका
म्हणजे भंगार नव्हतं तर.

ऐरोली_एएमई_रिटायर्ड
नव्हतं, आता व्हायची वेळ आलीय. मावशी, भाच्याला एवढंच विचारा की शेवटचा गो-अराउंड कधी मारला आणि इन्स्ट्रक्टर काय म्हणाले.

घोडबंदर_मावशी
विचारलं. कालच मारला म्हणतो, आडवा वारा होता, इन्स्ट्रक्टर म्हणाले छान. बहिणीला हे सगळं फॉरवर्ड केलंय, पंखा वाकल्याचं तेवढं वगळून.