मदत हवी आहे: सडबरीची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत

डिचोलीकर_डिझेल
कॅनडातल्या सडबरीच्या एका कंपनीची ऑफर आलीय, हेवी इक्विपमेंट मेकॅनिक म्हणून. एजंट आठ लाख मागतोय. म्हणतो एलएमआयए (परदेशी कामगार घ्यायला कंपनीला लागणारी सरकारी मंजुरी) तोच काढणार आणि ग्रामीण योजनेतून पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, पक्का. अर्धे शुक्रवारी द्यायचेत. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) आधी देऊ की पैसे आधी भरू? लवकर सांगा.

अंत्रुजी
पैसे भरू नका. अनुभव किती, कुणाकडे, कुठल्या मशीनवर? शिक्षण काय? ऑफरवर आठवड्याचे तास किती लिहिलेत?
तुमची ती ग्रामीण योजना म्हणजे आरसीआयपी. ती 2025 मध्ये सुरू झाली, 14 ठिकाणं आहेत, सडबरी त्यातलंच. पण तिला एलएमआयए लागतच नाही. दोन्ही एकाच पुडीत विकणाऱ्याला निदान एक तरी कळत नसणार. कंपनी तिथल्या विकास संस्थेने मान्य केलेली हवी, नोकरी कायमची, बिगरहंगामी आणि किमान 30 तासांची. नाहीतर ते पत्र चवथीला गणपतीवरच्या माटोळीत बांधा.

मांडवीकाठी
एवढी यातायात कशाला? आजोबा 1961 पूर्वी गोव्यातच जन्मले असतील ना? पोर्तुगीज पासपोर्ट काढ.

अंत्रुजी
पोर्तुगीज पासपोर्टवर कॅनडाचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना, मिळतो, तो फिरायला. कामाला वर्क परमिट लागतोच. वर भारतीय नागरिकत्व जातं, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढत बसा.

मांडवीकाठी
लिस्बनला तर जाता येईल!

अंत्रुजी
त्यांनी लिस्बन विचारलंय का?

सत्तरीकार
आयईएलटीएसचं ऐका. जनरल ट्रेनिंग द्या, अकॅडमिक चालत नाही. या कामाला सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 5 पुरतं, म्हणजे ऐकणं, लिहिणं, बोलणं 5 आणि वाचन 4. निकाल दोन वर्षं चालतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं, हे नेहमीचंच.
कॅनडाच्या यादीतला व्यवसायाचा कोडही नीट बघा. एक्स्कॅव्हेटर, डंपर, डोझर 72401 मध्ये येतात, रस्त्यावरचे ट्रक 72410 मध्ये. शिवाय ऑन्टारिओत, म्हणजे सडबरीच्या प्रांतात, ट्रक मेकॅनिकला परवाना सक्तीचा आहे. अनुभवपत्रात 'सर्व वाहने दुरुस्त करतो' असं मोघम लिहून आणलंत तर अर्ज तिथेच अडकेल.

कुळागर
लायसन्सचं विसरू नका. आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून मिळतो, फॉर्म 4ए, फी 1000 रुपये. ऑन्टारिओत राहायला गेल्यावर इथल्या लायसन्सवर 60 दिवसच गाडी चालवता येते.

डिचोलीकर_डिझेल
लायसन्सचं नंतर बघू. आयटीआय मेकॅनिक डिझेल. पाच वर्षं स्वतःचं गॅरेज आहे, टिपर आणि जेसीबी. त्याआधी खाणीवर.

सत्तरीकार
अहो, हे आधी सांगायचं! स्वतःच्या धंद्याचे तास धरत नाहीत. मागच्या तीन वर्षांत पगारी कामाचे 1560 तास लागतात, तेही किमान 12 महिन्यांत पसरलेले. खाणीचा अनुभव तीन वर्षांच्या बाहेर गेला. म्हणजे आज एजंटने काहीही केलं तरी तुमचा अर्ज बसत नाही.
एखाद्या अर्थमूव्हर ठेकेदाराकडे नोकरी धरा. पगार बँकेत, पीएफ कापलेला, पत्रावर मशीनची नावं, आठवड्याचे तास आणि कामाचं वर्णन. इंजिन ओव्हरहॉल, हायड्रॉलिक पंप, फायनल ड्राइव्ह, जे खरोखर करता तेवढंच.

अंत्रुजी
आणि आठ लाख कसले? आपल्या कायद्यात नोंदणीकृत भरती एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापुढे घेता येत नाही. ऑन्टारिओत तर कामगाराकडून भरतीचे पैसे घेणंच बेकायदा. एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर, शोधा. सल्लागार म्हणवत असेल तर कॅनडातल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या (तिला 'कॉलेज' म्हणतात) रजिस्टरवर नाव बघा.

डिचोलीकर_डिझेल
कंपनी खरी आहे, वेबसाइट बघितली. ऑफर मात्र जीमेलवरून आलीय.

सत्तरीकार
वेबसाइटवरच्या नंबरला फोन करा, पत्रावरच्या नको. तिथे आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, उन्हाळ्यात. संध्याकाळी साडेसातनंतर लावा.