अनुभव धागा: स्टारड्यू व्हॅलीतला पहिला वसंत तुम्ही कसा काढलात?

दादर

मंडळी, हा धागा बाबांसाठी काढतेय. ते मार्चअखेर निवृत्त झाले. सगळा जन्म लोकलमध्ये आणि दोन खोल्यांत गेला, पण मूळ गाव देवरुखजवळचं. अजूनही भाजी घेताना देठ मोडून बघतात. गेल्या आठवड्यात मी स्टारड्यू व्हॅली खेळत बसले होते, तर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे पाणी रोज घालायचं?" त्याच रात्री आम्ही त्यांच्या नावाचं नवं शेत उघडलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एरिक बॅरोन या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने खपून तो केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बाजारात आला. आजोबांचं ओसाड पडलेलं शेत आपल्याला मिळतं. हातात ५०० गोल्ड, साधी अवजारं आणि गावचे मेयर भेट म्हणून ठेवतात ती पार्सनिपची १५ बियाणी. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं दिसणारं कंद. चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. सकाळी ६ ला उठायचं आणि रात्री २ च्या आत अंथरुणात शिरायचं.

मी चार वर्षं खेळतेय, त्यामुळे सुरुवातीला नेमकं कुठे अडलं होतं ते आता मला आठवत नाही. तुमचे पहिले २८ दिवस कसे गेले, काय चुकलं, काय सापडलं, ते सविस्तर लिहा. रोज रात्री जेवणानंतर मी बाबांना वाचून दाखवणार आहे.


मुलुंड

काकांना सगळ्यात आधी पाण्याचा हिशोब सांगा. बियाण्याचा हिशोब नंतर.

माझं पहिलं शेत त्यामुळेच बुडालं. पार्सनिपची पहिली कापणी झाल्यावर आलेला सगळा पैसा मी परत बियाण्यात घातला आणि ९० वाफे केले. सुरुवातीला अंगात एकूण ताकद २७० असते आणि झारी एकदा ओतली की २ जातात. म्हणजे ९० वाफ्यांना १८०. त्यातून पहिली झारी फक्त ४० वाफे भिजवते, की पुन्हा तळ्यावर जा. रोज तीन खेपा. पाणी घालून होईपर्यंत अर्धा दिवस सरायचा आणि माणूस असा दमायचा की लाकूड तोडायला, खाणीत उतरायला किंवा गावात कुणाला भेटायला काही उरायचंच नाही. दहा दिवस मी फक्त पाणी घातलं. खेळ सोडून द्यायच्या बेतात होतो.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ४० वाफ्यांवर थांबलो. एक झारी, ८० ताकद, उरलेला दिवस आपला.

मग पुढचा प्रश्न येतो: पाण्याच्या एका ओतण्यामागे काय मिळतं? पार्सनिपचं बी २० ला, विक्री ३५ ला, चार दिवसांत १५ सुटतात. बटाट्याचं बी ५० ला, विक्री ८० ला, सहा दिवसांत ३०, आणि कधी कधी एका रोपाला दोन बटाटे निघतात ते वेगळे. फ्लॉवरचं बी ८० ला, विक्री १७५ ला, पण बारा दिवस लागतात. भागाकार केला तर दर पाण्यामागे पार्सनिप पावणेचार, बटाटा पाच, फ्लॉवर जवळजवळ आठ. आम्ही मुंबईकर लहानपणापासून पहाटेच्या नळाला पिंपं भरून ठेवणारी माणसं. पाणी मोजून वापरायचं हे मला खेळात आधीच सुचायला हवं होतं.

आणि १६ तारखेनंतर फ्लॉवर लावू देऊ नका. ऋतू बदलला की वसंताचं उभं पीक त्याच रात्री वाळून जातं. माझी २१ रोपं अशी गेली. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी दार उघडलं तर सगळीकडे पिवळी काटकं.


गोरेगाव

पियरेचं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं. म्हणजे वसंतात ३, १०, १७ आणि २४ तारखेला. बियाणं मंगळवारीच आणून ठेवा. जोजामार्ट रोज उघडं असतं, पण तिथे बी महाग. पार्सनिपला २० ऐवजी २५ पडतात.


वरळी कोळीवाडा

माझ्या नातवाने मला हा खेळ दाखवला. वय वर्षं ६१. मला शेतीतलं काही कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी विली नावाचा मासेवाला पत्र पाठवून बोलावतो आणि बांबूचा गळ फुकट देतो, तिथे माझं मन लागलं.

पहिला आठवडा एकही मासा हाती लागला नाही. उभ्या पट्टीत मासा वरखाली पळतो आणि हिरवी पट्टी त्याच्या मागे न्यायची असते. बटण दाबलं की ती वर जाते, सोडलं की खाली. बोटं माझी जाळं विणायला शिकलेली, बटणावर बसेनात. मग नातवाने विलीच्या दुकानातून २५ गोल्डचा शिकाऊ गळ आणून दिला. त्याने ती हिरवी पट्टी मोठी होते. भारी मासे त्याला लागत नाहीत, पण हात बसतो. चार दिवसांनी मी बांबूच्या गळाकडे परत आले.

आता सगळ्यांत आवडलं ते सांगते. समुद्रात सार्डिन लागतो, तो म्हणजे आपली तारली. अँकोव्ही लागतो, तो मांदेलीच्या कुळातला. नातू इंग्रजी नावं वाचतो आणि मी त्याला आपली नावं सांगते. तीस तरी नावं झाली असतील आमची, खेळातली आणि बाजारातली धरून. त्याच्या आईलाही त्यातली अर्धी माहीत नाहीत.

पाऊस पडला की आमच्या होड्या वर ओढलेल्या असतात. खेळात मात्र वसंतातल्या पावसात नदीवर जा. कॅटफिश फक्त पावसात लागतो आणि २०० ला जातो. पळतो फार, पण एखादा मिळाला तरी त्या दिवसाचं सोनं. तुमच्या बाबांना सांगा, पाऊस असला की झाडांना पाणी घालायचं नसतं, त्यामुळे सबंध दिवस मोकळा. तिसऱ्या दिवशी तर हमखास पडतो.


दादर

काकू, तुमचं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "तारलीला बाहेरगावी सार्डिन म्हणतात होय!" आज ते फक्त गळ घेऊन बसले होते, शेताकडे फिरकलेसुद्धा नाहीत.


ठाणे ते दादर, रोजचा प्रवास

मी फोनवर खेळतो. खेळातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. ठाण्याहून चढलो की दादरपर्यंत फास्टमध्ये दोन दिवस होतात, तेही बसायला मिळालं तर. फोनवर खेळ मधेच बंद केला तरी तो स्वतःहून जतन होत राहतो.

काका लॅपटॉपवर खेळत असतील तर मात्र लक्षात ठेवा: तिथे झोपल्यावरच दिवस जतन होतो. माझ्या धाकट्या भावाला खाणीत पहिल्यांदा भरपूर तांबं मिळालं होतं, रात्रीचे अकरा वाजले होते खेळात, आणि इमारतीची वीज गेली. जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली. तो अख्खा दिवस पुसला गेला. उठून जेवायला जायचं असेल तर आधी माणसाला झोपवा, मग उठा.


भांडुप

स्ट्रॉबेरीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती.

१३ तारखेला गावात अंड्यांचा उत्सव असतो. सकाळी ९ ते दुपारी २ मध्ये चौकात शिरायचं. तिथे पियरेच्या स्टॉलवर स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक. वसंतात दुसरीकडे नाही. आठ दिवसांनी पहिलं फळ, मग दर चार दिवसांनी. त्याच रात्री लावलं तर २१ ला एक तोडा आणि २५ ला दुसरा. फळ १२० ला जातं, म्हणजे शंभराचे दोनशे चाळीस. एक दिवस उशीर केलात तरी दोन तोडे मिळतात, पण १६ च्या पुढे लावाल तर एकच, आणि मग हिशोब जेमतेम बसतो.

आता खाचाखोचा. उत्सव संपला की एकदम रात्रीचे १० वाजतात. तुम्ही परत शेतावर याल तेव्हा झोपायला चार तास, आणि जमीन खणलेली नसेल तर ती खणण्यात वेळ आणि ताकद दोन्ही जातात. मी सकाळीच वाफे खणून, भिजवून ठेवले होते. रात्री फक्त बी टाकलं. भिजलेल्या मातीत बी टाकलं तर तोही दिवस मोजला जातो.

दुसरी खाच पैशांची. पहिल्या दिवशी लावलेला फ्लॉवर बरोबर १३ तारखेला तयार होतो. मी खूश होते की आता स्ट्रॉबेरीला पैसे आले. पण शेतावरच्या विक्रीच्या पेटीत टाकलेल्या मालाचे पैसे रात्री झोपल्यावर मिळतात, आणि उत्सवाच्या दिवशी पियरेचं दुकान बंद. पिशवीत सहा फ्लॉवर आणि हातात ३०० गोल्ड घेऊन मी त्या स्टॉलसमोर उभी होते. तीनच बिया आल्या. त्यापेक्षा बटाटा ६ तारखेपर्यंत किंवा पार्सनिप ८ तारखेपर्यंत लावा. दोन्ही १२ ला निघतात, त्याच दिवशी विका, १३ ला रोख हातात. फ्लॉवर लावूच नका असं नाही, फक्त स्ट्रॉबेरीचे पैसे त्यातून येतील असं धरू नका.


विक्रोळी

खाण ५ तारखेला उघडते. दर पाच मजल्यांवर लिफ्ट थांबते, त्यामुळे पाचाच्या पटीत पोचल्याशिवाय वर येऊ नका, नाहीतर उद्या परत तेच मजले. सोबत खायला काहीतरी ठेवा, रानातून गोळा केलेलं चालतं.

तांबं कशासाठी? तर झारीसाठी. क्लिंट लोहार २००० गोल्ड आणि तांब्याच्या ५ लगडी घेऊन ती सुधारून देतो. त्याला दोन दिवस लागतात आणि तोवर झारी त्याच्याकडे. मी बेधडक देऊन टाकली आणि मधल्या दिवशी शेत कोरडं राहिलं. रोज टीव्हीवर हवामान बघा. उद्या पाऊस असं सांगितलं की आज पाणी घालून मगच झारी क्लिंटकडे द्या. उद्या आभाळ पाणी घालतं, परवा सकाळी ९ ला दुकान उघडलं की झारी परत. मुलुंडकरांचा हिशोबही त्यानंतर बदलतो: ४० ऐवजी ५५ वाफे एका भरण्यात.

बुजगावणं विसरू नका. पहिल्या कापणीतच ते बनवायची कृती कळते. चारही बाजूंना आठ-आठ वाफ्यांपर्यंत राखतं.


परळ

मी थोडं वेगळं सांगेन. वरचे सगळे हिशोब बरोबर आहेत, मी ते नंतर वापरलेही. पण पहिला वसंत मी फक्त त्या भेटीच्या १५ बियांवर काढला आणि तो माझा सगळ्यात आवडता ऋतू आहे. तेव्हा माझी नोकरी गेली होती. दिवसभर अर्ज पाठवायचे आणि संध्याकाळी त्या गावात फिरायचं.

रानात लीक, डँडेलियन, डॅफोडिल, रानटी हॉर्सरॅडिश असं आपोआप उगवलेलं मिळतं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू येतात तसं. प्रत्येकाचा एक नग साठवणीच्या पेटीत ठेवून द्या, ५० लाकडांत ती पेटी होते. ५ तारखेनंतर कोरड्या दिवशी सकाळी बस थांब्याकडून गावात शिरलात की मेयर पडकं समाजमंदिर दाखवतात. तिथे हे चारही नग दिले की ३० रानबिया मिळतात, एक पैसा न घालता. पार्सनिप, बटाटा, फ्लॉवर, घेवडा यांचाही एकेक नग तसाच राखून ठेवा. हे मला उशिरा कळलं आणि घेवड्यासाठी वर्षभर थांबावं लागलं.

माणसांना आठवड्यात दोनदा भेटवस्तू देता येते. वाढदिवसाला दिलेली आठपट मोजतात. मी दुकानाच्या भिंतीवरचं कॅलेंडर वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही अजून आहे.


बोरिवली

आम्ही दोघी बहिणी, ती लग्न होऊन वसईला. रविवारी रात्री एका शेतावर भेटतो. दोघींचा खेळ असेल तर दोन गोष्टी आधी ठरवा: पैसे सहसा एकाच थैलीत असतात, आणि दोघी अंथरुणात गेल्याशिवाय दिवस संपत नाही. ती झोपते, मी खाणीत अडकलेली, मग फोनवर ओरडाआरडा. ताई, तुम्हीही बाबांच्या शेतावर एक खोपटं, म्हणजे दुसऱ्या खेळाडूचं घर, बांधून घ्या.


दादर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांनी मुलुंडकरांचे आकडे डायरीत लिहून घेतलेत आणि भांडुपच्या ताईंच्या तारखांखाली रेघ मारलीय. वाफे किती ठेवले माहितीय? ३०. मी ४० सुचवले तर म्हणाले, "दहा वाफ्यांचं पाणी गळाला."

काल रात्री अंड्यांचा उत्सव झाला. १२ तारखेला बटाटे विकले होते, १४ बिया आल्या. वाफे सकाळीच भिजवलेले. त्यांनी एकेक बी टाकलं, बाराच्या आत झोपले, आणि लॅपटॉप मिटल्यावर मला आजोबांच्या वांग्यांच्या आळ्यांबद्दल सांगत बसले. ती आळी कुठल्या बाजूला होती हे मला आजवर माहीत नव्हतं. विहिरीच्या पूर्वेला.

खोपट्यासाठी लाकूड जमवतोय, बोरिवलीकर. आज जेवणानंतर बसू आणि २१ तारखेपर्यंत जाऊ. पहिली स्ट्रॉबेरी विकायची नाही असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.