ऑगस्टमध्ये आई-बाबांना डोंगरात न्यावं का?

प्रेषक: नोव्हेंबरात आलेली
विषय: ऑगस्टमध्ये आई-बाबांना डोंगरात न्यावं का?

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बऱ्याच जणींशी ओळख झाली, पण मराठी मंडळाच्या या मेल-यादीवर लिहायची ही पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये आई-बाबा तीन आठवड्यांसाठी इथे नॉर्वेत, ओस्लोला येताहेत. ऑफिसात कुणालाही विचारलं की उत्तर एकच: डोंगरात जा, हटवर (म्हणजे भटक्यांच्या मुक्कामाच्या घरात) राहा. आईला प्रेइकेस्तोलेन या कड्याचे फोटो दाखवले, तर ती म्हणाली, "604 मीटरवर कठडा नसलेल्या दगडावर मी पाय ठेवणार नाही, तूही ठेवायचा नाहीस." बाबा मात्र उत्सुक आहेत. वय 67, एसटीत कंडक्टर होते, अजून रोज सकाळी सहा किलोमीटर चालतात. आईचा एक गुडघा कुरकुर करतो.

काही हटमध्ये म्हणे कुणीच नसतं. आपणच उघडायचं, आपणच राहायचं. हे खरं आहे का? आणि दोघं शाकाहारी आहेत, तिथे खायचं काय?

---

प्रेषक: खजिनदार काका
विषय: पुन: ऑगस्टमध्ये आई-बाबांना डोंगरात न्यावं का?

अगं, जरूर ने. (पुतणीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करतोय.)

कुणी नसतं हे खरं आहे. पण त्याआधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझी होणार नाही. डीएनटी ही इथली डोंगरभटक्यांची जुनी संस्था. देशभरात साडेपाचशेच्या आसपास हट्स. त्यांचे तीन प्रकार. एकात माणसं कामाला असतात, जेवण आयतं मिळतं. दुसऱ्यात माणूस नाही, पण कोठीत शिधा भरलेला असतो. तिसऱ्यात चूल आणि लाकडं, बाकी काही नाही. मधल्या प्रकाराला सेल्व्हबेतयेंत म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता: स्वतःचं स्वतः करायचं, म्हणजे दार उघडंच असणार!

आम्ही सात जण पाच तास चालून पोचलो, शेवटचा तास पावसात. दाराला कुलूप. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. रचलेली लाकडं, टेबलावर मेणबत्ती, कोठीतले डबे. पंढरपूरला जाऊन नुसतं कळसाचं दर्शन घ्यावं, तसं आम्ही ओसरीवर बसून त्या डब्यांचं घेत होतो. डीएनटीची एक ठरलेली चावी असते, बहुतेक कुलूपबंद हट्स तिनेच उघडतात. सदस्याला ती अनामत ठेवून मिळते. मी सदस्य होतो. चावी घेतलेली नव्हती.

साडेआठच्या सुमारास दोन बायका आल्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या. एकीने गळ्यातली दोरी ओढून चावी काढली, दार उघडलं आणि माझ्या हातात बादली दिली. तुम्ही कोण, कुठले, बाहेर का बसलात, काही विचारलं नाही. पाणी ओढ्यावरून आणायचं होतं.

आता माझ्या खात्यातला विषय. कोठीतून जे घेशील ते चिठ्ठीवर लिहायचं, राहण्याचे पैसे मिळवायचे, बेरीज करायची आणि चुकते करायचे. आमच्या वेळी कार्डाचा नंबर लिहून चिठ्ठी भिंतीवरच्या पेटीत टाकायचो, हल्ली लोक मोबाईलवरून भरतात. बघायला कुणी नाही. संस्था 1868 सालची, आणि ती काढण्यात पुढे होता तो थॉमस हेफ्त्ये, पेशाने बँकर! एका बँकरच्या संस्थेने कोठीवर कारकून ठेवू नये, हे मला अजून पचलेलं नाही. आपल्या दिवाळीच्या फराळाच्या स्टॉलवर तीन माणसं बसवूनही गल्ला जुळत नाही.

---

प्रेषक: कुकरवाली ताई
विषय: पुन: पुन: ऑगस्टमध्ये आई-बाबांना डोंगरात न्यावं का?

काका, सात नव्हे, नऊ जण होतो. "चावीचं मी बघतो" असं कोण म्हणालं होतं, तेही सोयीस्कर गाळलंत.

आणि खरी गंमत राहिलीच. माझ्या सॅकमध्ये तीन लिटरचा कुकर होता. हो, डोंगरात. खिचडी लावली. त्या दोघी मेणबत्तीच्या उजेडात विणत बसल्या होत्या, आणि पहिली शिट्टी झाली. एक ताडकन उठून बाहेर पळाली, दुसरीने गॅस बंद केला. मग मी त्यांना उरलेल्या दोन शिट्ट्यांची आगाऊ सूचना दिली. खिचडी दोघींनी दोनदा घेतली. सकाळी मात्र त्यांनी आम्हा नऊ जणांकडून जमीन पुसून घेतली, राख बाहेर टाकून घेतली, आणि आदल्या रात्री जाळली तितकी लाकडं फोडून आत रचून घेतली. आपल्यामागून येणारा भिजून आला तर त्याला काडी पेटवायचीच बाकी असावी, असा हिशेब.

आता कामाचं. आईंना घेऊन थेट कुलूपवाल्या हटवर जाऊ नकोस. फिन्सेला जा. बर्गनच्या रेल्वेवरचं सगळ्यात उंच स्टेशन आहे ते, 1222 मीटर. तिथे मोटारीचा रस्ताच जात नाही. ओस्लोहून साडेचार तासांच्या आसपास लागतात, आणि दाराशी उतरल्यासारखं उतरायचं. माणसं असलेली हट स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. समोर हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी. खिडकीत बसूनही दिसते, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्न मिटला. शॅकलटन दक्षिण ध्रुवाकडे निघण्याआधी 1914 साली सामानाची चाचणी करायला इथेच आला होता. तेव्हा ऑगस्ट आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

आईंना राल्लारवेगेनवर चालव. 1909 मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेच्या बांधकामासाठी मजुरांनी केलेला रस्ता आहे तो. आता त्यावर सायकलवाले असतात. तळ्याकाठचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे.

शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच सांग, आयत्या वेळी नको. जेवण सातला, सगळ्यांचं एकदम, आणि टेबलावर अनोळखी लोकांशेजारी बसवतात. शहरात लिफ्टमध्ये नजर चुकवणारे हेच लोक तिथे स्वतःहून बोलतात. वाटेवरही समोरून येणारा प्रत्येक जण "हेई हेई" म्हणतो, म्हणायचं. सकाळच्या नाश्त्याच्या टेबलावरूनच दुपारचा डबा भरून घ्यायचा असतो, त्याचे वेगळे पैसे. आपल्या लोकांना हे चोरी केल्यासारखं वाटतं, पण तशीच पद्धत आहे. आणि चादरीची पिशवी विसरू नकोस. पांघरूण त्यांचं असतं, आत शिरायची पिशवी आपली. माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत, घेऊन जा.

त्याआधी बाबांना एकदा सोग्न्सवानला ने. मेट्रोने शेवटचं स्टेशन, तळ्याला एक चक्कर. तिथून वर नॉर्डमार्काच्या जंगलात वाटा जातात. फक्त एक लक्षात ठेव: ओस्लोच्या जंगलात पायवाट निळ्या खुणांची, लाल खुणा हिवाळ्यातल्या स्कीच्या. वर डोंगरात गेलीस की उलटं, तिथे दगडावरचा लाल टी म्हणजेच पायवाट.

---

प्रेषक: लेझीम पथक
विषय: पुन: पुन: पुन: ऑगस्टमध्ये आई-बाबांना डोंगरात न्यावं का?

सर्वांना विनंती, खासगी उत्तरं सगळ्या यादीला पाठवू नयेत. रविवारच्या तालमीची मेल या खिचडीत खाली गेली आणि फक्त चार जण आले.

आता लिहितोच आहे तर: काकांनी तंबूचं सांगितलंच नाही. हटवर जागा नसेल तर घाबरायचं कारण नाही. 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो, जवळच्या घरापासून किंवा हटपासून 150 मीटर लांब. एका जागी दोन रात्री, उंच डोंगरात त्याहून जास्त. शेकोटी मात्र 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाच्या आसपास नाही. तालीम पुढच्या शनिवारी, चार वाजता.

---

प्रेषक: नोव्हेंबरात आलेली
विषय: जाऊन आलो

काका, ताई आणि (यादीची क्षमा मागून) लेझीम पथक,

आई-बाबा परवा परत गेले. घर फार मोठं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

फिन्सेला पहिल्या दिवशी ऊन होतं. आई राल्लारवेगेनवर दीड तास चालली. गुडघ्याचं नाव नाही. रात्री जेवताना तिच्या शेजारी बर्गनचे एक निवृत्त शिक्षक होते. तिला इंग्रजी बेताचं येतं, त्यांना मराठी शून्य, तरी दोघं तासभर सुनांबद्दल बोलत होते, असं आईचं म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी आई खिडकीत बसली आणि मी नि बाबा हिमनदीच्या दिशेने निघालो. तासभर सगळं छान. एका लाल टीवरून पुढचा दिसायचा, की चालायचं. मग ढग खाली उतरला. आम्ही एका टीजवळ उभे, पुढचा दिसेना. मी म्हटलं, थोडं पुढे जाऊन बघू. एवढे पैसे घालून, एवढ्या लांबून आणलं होतं, समोर बर्फ आहे हे माहीत होतं. बाबा काही बोलले नाहीत, दगडावर बसले आणि क्विक लुन्श काढलं. त्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगराचे नियम छापलेले असतात, नऊ. "वाच," म्हणाले. माझं नॉर्वेजियन अडखळतं, पण आठवा वाचता आला: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

बाबा म्हणाले, "हे लिहून द्यावं लागतं? घाटात धुकं आलं की मी खाली उतरून गाडी मागे घ्यायला लावायचो. पन्नास माणसं आत बसून शिव्या द्यायची." मग उठले, माझ्या मागे उभे राहिले आणि सॅकवर थाप मारून म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या." त्या धुक्यात मी हसत हसत अक्षरशः उलट्या पावली चार पावलं आले. बर्फाला हात लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर आभाळ लख्ख झालं, ते व्हायचंच होतं.

ओस्लोला आल्यावर बाबांनी स्वतःच विषय काढला: ती कुणी नसलेली हट. मी सदस्य झाले होते, चावी घेतली होती (काका, गळ्यात अडकवूनच निघाले). नॉर्डमार्कातली एक छोटी हट धरली, दोन तासांची वाट. वाटेत बाबांनी टोपीत ब्लूबेरी गोळा केल्या. टोपी आता जांभळी आहे.

दार उघडून आत गेल्यावर आईने चूल बघितली, बाबांनी कोठी. खरंच बघितली. फळीवरचे डबे मोजले, किमतींचा कागद चष्मा लावून वाचून घेतला, मला भाषांतर करायला लावलं. वाटाणे, टोमॅटो, तांदूळ, कुरकुरीत ब्रेड, एका डब्यात माशाचे गोळे (आईने तो डबा उलटा फिरवून ठेवला). नंतर दिवसभर काही घेतलं की बाबा चिठ्ठीवर लिहायचे, वेळेसकट. वेळ कुणी मागितलेली नाही हे मी सांगितलं. "एसटीत तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल असंच भरायचं," म्हणाले.

"चेकिंगला कोण येतं?"

मी म्हटलं, माझ्या माहितीत कुणी नाही.

"मध्येच चढत असेल कुणीतरी. तुला ठाऊक नसेल."

रात्री आई झोपल्यावर मेणबत्तीपाशी बसून त्यांनी तिथलं रजिस्टर चाळलं. कोण आलं, कुठून, पुढे कुठे निघालं, असे रकाने असतात. बाबांना भाषा येत नाही, पण आकडे येतात. चाळता चाळता मला एका वेळचं सांगितलं. नागपंचमीला यात्रेची गाडी, उभं राहायला जागा नाही, मागच्या दारातून चढलेला एक म्हातारा पुढच्या दाराने उतरला, आणि पंधरा दिवसांनी स्टँडवर हुडकत येऊन सव्वादोन रुपये देऊन गेला. "मी त्याचं तिकीट फाडलं आणि ते रिकाम्या सीटवर ठेवलं," म्हणाले. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी लाकडं फोडली, राख टाकली, जमीन आईने पुसली कारण आमचं पुसणं तिला पसंत नव्हतं. कुलूप लावून दहा मिनिटं चाललो असू, तर बाबा थांबले. नाश्त्याला ब्रेडचं दुसरं पाकीट फोडलं होतं, ते लिहायचं राहिलं. मी म्हटलं, पैसे मोबाईलवरूनच भरायचेत, घरी गेल्यावर मिळवते. नाही म्हणाले. चावी घेतली, एकटेच परत गेले. आई आणि मी ओंडक्यावर बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी आले. चिठ्ठीवर दुसरं पाकीट लिहिलं होतं, वेळेसकट.

ताई, तुमच्या दोन्ही पिशव्या धुऊन ठेवल्यात. शनिवारी चारच्या तालमीला घेऊन येते. आणि काका, बाबांनी निरोप दिलाय: फराळाच्या गल्ल्याचा हिशेब पुढच्या वर्षी ते बघून देतील.